बॉनेटखालची हळद

पोळा होऊन बारा-तेरा दिवस झाले होते तेव्हा नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. मी वाशीमला माझ्या गोदामात होतो. रब्बीसाठी हरभऱ्याचं बियाणं मशीनवर चाळणं चालू होतं आणि त्या आवाजात पलीकडच्या मुलीचं अर्धंच ऐकू येत होतं. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा समजलं. माझ्या गाडीची कंपनीची वॉरंटी तीन आठवड्यांत संपणार होती. पुढे दोन वर्षं वाढवून हवी असेल तर त्याआधी गाडी नागपूरला आणून तपासून घ्यायची, फॉर्म भरायचा, पैसे भरायचे. मुदत उलटल्यावर कितीही विनवण्या केल्या तरी मिळत नाही.

"सर, गिअरबॉक्स गेला तर किती खर्च येतो, माहीत आहे ना?" तिनं फार प्रेमानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो.

मी स्वभावानं भित्रा माणूस आहे. गोदामाचा विमा आहे, मालाचा आहे, माझा स्वतःचा आहे. तरी या वाढीव वॉरंटीवर माझं मन ठरेना. घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. तिला सांगितलं.

"तीन वर्षांत काय बिघडलं गाडीचं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

"मंग दोन वर्षांत काय बिघडन?"

"बिघडलं तर?"

"तुमचं इतकं बिघडलं, तुमची कोनती वारंटी होती? तरी ठेवलंच ना मी!"

मी तिच्यासमोरची मेथी निवडायला लागलो. पण माझी अडचण पैशाची नव्हती, गिअरबॉक्सचीही नव्हती. वॉरंटी वाढवायची म्हणजे ही गाडी आणखी काही वर्षं आपल्या घरात राहणार हे कबूल करायचं. आणि ही गाडी आली कशी, हे मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितलेलं नाही. आज सांगतो.

रिसोड तालुक्यातलं रिठद हे आमचं गाव. आई गेल्यापासून वडील तिथं एकटेच राहतात. शेत ट्रॅक्टरनं होत होतं, पण बाबांनी एक बैलजोडी ठेवली होती, एक पांढरा आणि एक कबरा. पिकातलं तण काढायच्या डवरणीला लागायची, बाकी वेळ ती आणि बाबा एकमेकांच्या सोबतीनं असत. तीन वर्षांपूर्वी, पोळा झाल्यावर दहाव्या दिवशी, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. त्यानंतर ते तीन आठवडे वाशीमला आमच्याकडे होते. तेवढ्या दिवसांत मी दोन्ही बैल बाजारात नेऊन विकले. बाबांना विचारलं नाही.

लोकांना सांगायला माझ्याकडे कारण होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं शेण-पाणी कसं करायचं? कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं. त्याच महिन्यात मी परदेशी कंपनीची ही पांढरी गाडी बुक केली होती. एका लग्नात सगळ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या मांडवासमोर होत्या आणि माझी जुनी जीप मात्र लांब नाल्याकडे लावायला सांगितली, एवढंच त्यामागचं कारण. गावी गेल्यावर ही गाडी उन्हापावसात कुठं ठेवायची, हा प्रश्न मला पडला. गोठ्याची जागा नेमकी मापाची होती.

बाबा वाशीमला असतानाच मी गोठ्यात सिमेंटचा कोबा घातला, गव्हाण फोडली, समोर शटर बसवलं. त्यांना गावी सोडायला जुनी जीपच नेली. ते काठी टेकत थेट गोठ्याकडे गेले. मी शटर वर केलं. आत नवी, गुळगुळीत, रिकामी फरशी होती.

"बैल?" त्यांनी विचारलं.

"इकले, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि घरात जाऊन खाटेवर बसले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आठ दिवसांनी गाडी आली. पुढच्या तीन वर्षांत बाबा तिच्यात एकदाही बसले नाहीत.

गुडघा दाखवायला वाशीमला यायचे ते काळीपिवळीनं, माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपनं. एकदा रिसोड रस्त्यावर माझ्या पुढेच काळीपिवळी होती आणि तिच्या मागच्या उघड्या सीटवर, तोंड माझ्याकडे करून, बाबा बसले होते. मांडीवर पिशवी, डोक्यावर टोपी, एका हातानं दांडा धरलेला. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. मी हॉर्न वाजवला नाही, पुढेही गेलो नाही. वाशीम येईपर्यंत मी त्या काळीपिवळीच्या मागेमागे गाडी चालवत राहिलो.

पोळ्याला मात्र आम्ही दरवर्षी आदल्या दिवशी गावी जातो. आमच्याकडे त्या संध्याकाळी खांदमळणी असते. जुवानं घासलेल्या बैलाच्या खांद्यावर तूप आणि हळद चोळायची आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी बैलाच्या तोंडात आधी, माणसाच्या नंतर. गावभर हे चाललेलं असताना आमच्या गोठ्यात माझी गाडी उभी असायची. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी त्या संध्याकाळी पारावर जाऊन बसायचो आणि दिवे लागल्यावर परत यायचो. बाबा शेजाऱ्यांच्या गोठ्यात जात असतील, अशी माझी समजूत होती.

असो. फोन आल्यावर चार दिवसांनी मी गाडी घेऊन नागपूरला निघालो. बायकोला इतवारीच्या बाजारात काही घ्यायचं होतं, म्हणून तीही आली. शेलूबाजारवरून समृद्धी महामार्गाला लागलो आणि अकराच्या सुमारास पोहोचलो. तिथं काचेची मोठी खोली, कॉफीचं यंत्र, आणि फोनवरची ती मुलगी. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती वयानं मोठी निघाली. मी कॉफी घेतली तोच आतून निरोप आला की साहेबांना बोलावलं आहे.

मेकॅनिक माझ्याच वयाचा होता, चष्मा कपाळावर सरकवलेला. गाडीचं बॉनेट, जे मी स्वतः कधी उघडलं नव्हतं, उघडं होतं. त्याच्या तळहातावर पळसाच्या पानाचा कुरतडलेला पुडा होता.

"साहेब, हे तुमीच ठेवलं का जी?"

"काय आहे ते?"

त्यानं पान उलगडलं. आत वाळलेले, पिवळे, जाडसर तुकडे होते. त्यानं नाकाजवळ नेऊन वास घेतला. "पुरणपोळी आहे. जायफळ घातलंय जी यात."

पलीकडच्या गाडीखालून कोणीतरी हसलं. मेकॅनिक हसला नाही. त्यानं टॉर्च लावून दाखवलं. पोळीच्या वासानं उंदीर आत शिरला होता आणि पोळी कुरतडून झाल्यावर त्यानं दोन वायरी सोलून ठेवल्या होत्या. एवढ्यावर गाडी अजून चालत होती हेच नवल, म्हणाला.

"आणि ते पंजे तर दोन वर्षांपासून पाहतो मी," तो म्हणाला. "पूजेचे आहेत म्हणून कोनी पुसले नाही."

त्यानं टॉर्च वर धरला. बॉनेटच्या आतल्या काळ्या अस्तरावर हळदीचे तीन पंजे होते, शेजारी शेजारी. पहिला तपकिरी पडलेला, दुसरा फिकट, तिसरा अजून पिवळाधमक, तुपानं चकाकणारा. तिन्ही पंजांचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं.

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. तो पांढरा बैल गोऱ्हा होता तेव्हा एकदा उधळला, कासऱ्याचा वेढा बोटाला बसला आणि पेर गेलं.

मी मागे वळलो. बायको केव्हा येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नव्हतं. ती पंजांकडे पाहत होती आणि तिला नवल वाटलेलं नव्हतं.

"तुले मालूम होतं?"

"मीच तं उघडून देत होती," ती म्हणाली.

तेवढ्यात ती सर्व्हिसवाली मुलगी फॉर्म घेऊन आली. वायरींचं काम आधी करावं लागेल आणि त्याचे पैसे मलाच द्यावे लागतील, कारण उंदरानं केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

"वाढवलेल्या वॉरंटीत?" मी विचारलं.

"उंदीर कशातच बसत नाही, सर."

मग तिनं फॉर्मवरच्या एका ओळीवर पेन ठेवलं. कंपनीबाहेरच्या कोणी इंजिनच्या भागात काही हाताळलं, लावलं किंवा ठेवलं आहे काय? हो की नाही. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही 'नाही'वर खूण करा. दादा आतून पुसून देतील. दहा मिनिटांचं काम आहे."

मेकॅनिकनं कपडा उचललाही होता. "पुसू नका," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं बोललो की कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसानं वळून पाहिलं. फॉर्म मी घडी करून खिशात घातला. मुदतीला अजून दिवस होते.

वायरींचं काम होईपर्यंत दुपार झाली. इतवारी राहूनच गेली. परतीच्या वाटेवर बायकोनं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी, मी पारावर गेल्यावर, बाबा वाटीत हळद-तूप घेऊन गोठ्याकडे आले. शटर वर करून बराच वेळ गाडीभोवती फिरले. टायरवर हात ठेवून पाहिला, काचेत डोकावले. मग तिला हाक मारली.

"सूनबाई, याचा खांदा कुठं असते?"

तिलाही प्रश्न पडला. मग तिनं विचार केला की ज्या बाजूनं ओढते त्याच बाजूला खांदा असणार, आणि किल्ली आणून बॉनेट उघडून दिलं. बाबांनी वाकून काही म्हटलं आणि हात टेकवला. पोळ्याच्या दिवशी पोळीचा एक तुकडा ते बंपरवर ठेवत, तो चिमण्या-कावळे नेत. यंदा पाऊस होता, म्हणून त्यांनी तो पानात बांधून आत ठेवायला लावला.

"मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आन् तुमी दोघं बापलेक बोलत नाही, मी मधात कायले पडू?" मग जरा वेळानं म्हणाली, "तीन वर्षं मले वाटून राह्यलं, तुमी त्यांले आज इचाराल, उद्या इचाराल."

मी शेलूबाजारला महामार्गावरून गाडी उतरवली, पण वाशीमला थांबलो नाही, गाडी सरळ रिठदकडे घातली.

बाबा अंगणात सोयाबीनच्या सोंगणीसाठी विळ्यांना धार लावत बसले होते. मी समोर जमिनीवर बसलो. बायको चहाच्या निमित्तानं आत गेली. मी सांगितलं की पोळी सापडली, पंजे पाहिले. बाबांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"तुमी रागात होते ना, बाबा?"

"होतो. आता खोटं कायले बोलू?" ते म्हणाले. "तू मले इचारलं असतं तं मीच म्हनलं असतं, देऊन टाक. माह्या गुडघ्यानं मलेच होत नव्हतं. पन तू इचारलंच नाही."

"मंग गाडीले हळद कायले लावली?"

"तिच्यावर कायचा राग? ते काय आपल्या मनानं येऊन उभं राह्यलं थोडंच! त्या जागी जे उभं राहीन त्याले आवतन द्याच लागते. बिना आवतनाचं नाही ठेवत आपन कोनाले." मग विळा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बैल कोनाले देल्ले?"

ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळही नाही. बाजारात एक व्यापारी आला, त्यानं लगेच पैसे काढले, आणि बैल कुठं नेणार हे मी त्याला विचारलं नाही. विचारायचं मनात आलं होतं. त्यानं काही सांगितलं असतं तर मला विकता आले नसते, म्हणून विचारलं नाही. मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, अंगणात मांडी घालून रडत होतो.

बाबांनी विळा पुन्हा हातात घेतला. "कबरा उजव्या बाजूनंच पानी पियाचा," एवढंच एकदा म्हणाले. त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते तसं म्हणाले नाहीत. बैलांचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. नंतर मी बाजारात जाऊन त्या व्यापाऱ्याची चौकशी केली, कोणाला सांगता आलं नाही.

चहा आला. चहा पिता पिता मी खिशातला फॉर्म काढला. वॉरंटी म्हणजे काय ते सांगितलं. दोन वर्षं काही बिघडलं तर कंपनी दुरुस्त करून देणार, आणि अट अशी की कंपनीबाहेरच्या माणसानं आत काही लावायचं नाही.

"म्हंजे मी भाईरचा?"

"त्यांच्या कागदावर, बाबा." मग मी, तीन वर्षं उशिरा का होईना, विचारलं. "तुमी सांगा. घेऊ का नको?"

बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बदलला. बैलाचा सौदा करताना ते असेच व्हायचे, डोळे बारीक करून. "चालवून पाह्यल्याबिगर कसं सांगू? मी बसलोच नाही त्याच्यात."

"बसा ना मंग."

"तू म्हनलंच कधी नाही."

आणि ते खरं होतं. ते बसणार नाहीत अशी मी माझ्याच मनाशी खूणगाठ बांधली होती, आणि या भीतीनं 'बसा' हा शब्द तीन वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघाला नव्हता. मी उठलो आणि पुढचं दार उघडून धरलं. "बाबा, चला. बसा गाडीत."

त्यांनी धोतर सावरलं, आधी पाठ आत टेकवली, मग ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मी पट्टा ओढून त्यांना बांधायला लागलो.

"हे वेसन मले कायले? मी कुठं उधळून राह्यलो?" मागून बायको इतकी हसली की शेजारची बाई कुंपणाशी आली.

फाट्यापर्यंत गेलो. रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याला बाबा कान देऊन ऐकत होते. काच खाली घ्यायला लावली, वर घ्यायला लावली. दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं सोयाबीन होतं, त्यांचं अर्धं लक्ष तिकडे. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो, तेव्हा लक्षात आलं की बाबा अनवाणी आहेत. गाडीत बसताना त्यांनी चपला अंगणात काढून ठेवल्या होत्या.

टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी लगेच पाहिलं. "काहो, आज काळीपिवळी भेटली नाही वाटते!"

"आज आवतन होतं," बाबा काचेतून म्हणाले.

मी चहा त्यांना गाडीतच आणून दिला. ते बशीत ओतून पीत होते आणि मी एक थेंब सीटवर सांडू नये म्हणून पाहत होतो, मग पाहणं सोडून दिलं. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस ठेवनार हायेस इले?"

"म्हंजे?"

"दोन सालांनी दुसरी घेनार असशील तं कायले पैसे घालतं? ठेवनार असशील तं घे. आन् इकाची झाली तं..."

"तुमाले इचारून," मी म्हणालो.

"मंग घे," ते म्हणाले.

फॉर्म मी त्याच संध्याकाळी अंगणात बसून भरला. त्या ओळीवर 'हो'ची खूण केली आणि खाली लिहिलं, 'दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझे वडील बॉनेटच्या आतून हळद व तूप लावतात. पुढेही लावतील.' दुसऱ्या दिवशी फॉर्म नागपूरला पाठवला. मुदत संपायला चार दिवस असताना नागपूरहून फोन आला. सर्व्हिसवाल्या मुलीनं तो कागद वर पाठवला होता. कंपनीतल्या कोणी साहेबानं फोटो मागवले होते, तेही पाठवून झाले होते.

"मंजूर झालं, सर. अस्तरावर हळद चालेल, इंजिनला तूप लागता कामा नये. पण पोळी ठेवायची नाही."

मी बाबांना फोन करून तसं सांगितलं. त्यांना पटलेलं दिसत नव्हतं.

"जेवाले बोलवाचं आन् पोळी द्याची नाही?" ते म्हणाले. मग त्यांनीच मार्ग काढला. "बरं. तिच्या वाटची पोळी मी खाईन. तिच्यातच बसून."